पंधरा किलोंची अट

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच तर सांगणाऱ्याचा अपमान. पण अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात महाल वस्तीतली चारुशीला वाऱ्यावर उडाली.

त्या सकाळी ती पोळ्या लाटत होती. वडील मारोतराव मुलाकडचा निरोप घेऊन आले: “पोरगी पसंत हाय. पंधरा किलो उतरवा म्हणतात, मंग तारीख काढू.” सून घ्यायची होती की कापसाची गाठ, हे कोणी विचारलं नाही. तिची रवानगी खाप्याजवळच्या निसर्गोपचार शिबिरात झाली.

तिथे सकाळी लिंबूपाणी, दुपारी पोटावर ओली माती, संध्याकाळी दुधीचा रस. फाटकाला कुलूप, किल्ली स्वयंपाकीण रुख्माबाईच्या कमरेला. रोज सगळ्याजणींना कापूस तोलायच्या काट्यावर उभं करत. उमरेडची यमुताई नवव्या दिवशी काट्यावरच कोसळली.

“विकार बाहेर पडून राहिला,” शिबिराचे गुरुजी म्हणाले.

“फाटक उघड वं माय,” यमुताई दोन दिवस रुख्माबाईला विनवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला बाजेवर घालून घरी नेलं. त्या बाजेवरून ती उठली नाही.

विसाव्या दिवशी चारुशीला अशी हलकी झाली, की ती चढली तरी काट्याला पत्ता लागेना. खांद्यावर चिमणी बसली तर ती वाकायची. मारोतराव भेटायला आले.

“बाबा, मले घरी न्या.”

“चारच किलो राह्यले वं बाई. लग्न झाल्यावर खाजो पोटभर.”

“तवा सासू उभी करन काट्यावर.”

मारोतरावांनी टोपी नीट केली आणि तिच्या मनगटाकडे न बघता ते निघाले. मागे कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लूचं तापलेलं वारं सुटलं. चारुशीला पदरासकट उचलली गेली, भिंतीवरून, कन्हान नदीवरून, ती थेट महालात, स्वतःच्या पाटावर. “लग्न मोडलं,” ती आईला म्हणाली, “भाजी वाढ.”

“खोटं.”

पारावर ही गोष्ट ऐकत बसलेल्यांतली एक म्हातारी मध्येच बोलली. रुख्माबाईच ती.

“लू नव्हती का काही नव्हतं. झाडाचं पान हालत नव्हतं. फाटक म्या उघडलं. पोरगी भिताडाले धरू धरू पायी गेली.”

कोणी हसलं नाही. तिने लुगड्याचा पदर सारखा केला आणि गोष्ट सांगणाऱ्याकडे वळली.

“पन किल्ली तं पह्यल्या दिवसापासून माह्याच कमरेले होती. यमुताईच्या वक्ती काहून नाही उघडलं, थे सांग नं गा.”