उजव्या खांद्यावर

मंजुषाने झाडूचा दांडा छतावर आपटला, पालीच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर. पाल चार बोटं पुढे सरकली आणि पुन्हा तशीच उलटी, निवांत चिकटून बसली.

“पड ना गं बाई!” मंजुषा स्टुलावरून ओरडली. “काल पडलीस तशी पड!”

खाली उभी असलेली चार वर्षांची सुनयना टाळ्या वाजवायला लागली. बाहेरच्या खोलीत मंजुषाच्या सासूबाई, राजाबाई, पिशवीत लुगडी कोंबत होत्या.

काल सकाळी भाकरी थापताना त्यांच्या उजव्या खांद्यावर पाल पडली होती. बाईमाणसाच्या उजव्या खांद्यावर पाल म्हणजे वाईटच. त्यांनी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढे दिवा लावला आणि जाहीर केलं, की ह्या घरात आता राहायचं नाही. उद्याच्या गाडीने साताऱ्याला.

आणि सोमवारी मंजुषाला कामावर रुजू व्हायचं होतं. रबाळ्याला, चिकटपट्ट्यांच्या कारखान्यात, लॅबमधल्या तिच्या जुन्या टेबलावर. सुनयना झाल्यापासून ती ह्या दिवसाची वाट बघत होती. लेकीला सांभाळायला म्हणूनच राजाबाईंना महिन्यापूर्वी गावाहून कामोठ्याला आणलं होतं. शेवटी नवऱ्याने, विश्वजितने, रात्री मध्यस्थी केली होती. पाल बाहेर घालवली तर आई राहील. राजाबाई त्यावर नुसतं ‘हूं’ म्हणाल्या होत्या. विश्वजित सकाळी कामावर निघून गेला. पाल मंजुषाच्या वाट्याला आली.

“आई, झुरळांचा स्प्रे मारू का हिच्यावर?”

“मुक्या जिवाला मारतीस? आन पाप माज्या माथी?”

“मग काय करू? हात जोडू तिला?”

“जोड की. लक्ष्मी असती ती.”

“लक्ष्मी आहे, तर तुम्ही का चाललात?”

राजाबाईंनी पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली.

मंजुषाने ओला नॅपकिन भिरकावला. पाल टाइल्सवरून सरसरत कपाटाच्या काचेवर गेली. काचेवर! जिथे माशीसुद्धा घसरेल, तिथे ही डोकं खाली करून बसली.

“आई, तिने गोंद लावलाय?” सुनयनाने विचारलं.

“नाही गं. गोंदबिंद काही नाही.” मंजुषाने कपाळावरचा घाम पुसला. वैतागली होती, तरी लेकीचा प्रश्न आला की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. “तिच्या बोटांखाली केस असतात. इतके बारीक, की डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. लाखो. ते काचेला अगदी बिलगतात, म्हणून ती चिकटते.”

“मग चालते कशी?”

“बोटं टोकाकडून वर वळवते. आपण चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलतो ना, तशी. सरळ ओढलीस तर निघणार नाही, वळवून उचललीस की सुटली. आम्ही लॅबमध्ये दिवसभर हेच मोजायचो. पालीचं काय, सोडायचं तिने ठरवलं तरच सुटते. उगाच पडत नाही…”

बोलता बोलता ती थांबली. तेवढ्यात पाल काचेवरून सुटली आणि भिंत धरून दाराकडे पळाली. दारात राजाबाई उभ्या होत्या.

“आई, सरका! सरका!”

राजाबाई सरकल्या नाहीत. त्यांनी पदर हातावर घेतला, पालीवर अलगद झाकण धरल्यासारखा ठेवला, क्षणभर थांबल्या आणि ती हलताच उचलली. गॅलरीत जाऊन बाहेरच्या भिंतीवर सोडली, पदर झटकला.

“आमच्या आढ्याला तर धा-धा असत्यात,” त्या म्हणाल्या. आणि लगेच जीभ चावली.

मंजुषा स्टुलावरून उतरली. “काल खरंच पडली होती का, आई?”

राजाबाईंनी गॅलरीचं ग्रिल धरलं. सहा मजले खाली गाड्या लावलेल्या होत्या, माणूस एकही नव्हतं.

“दार उघडं ठिवून बसलं, तर वॉचमन वर येतूय,” त्या बाहेर बघतच म्हणाल्या. “म्हनतूय, आजी, दार लावा, सोसायटीचा नियम हाय. दिसभर लावल्याल्या दाराकडं बघत ऱ्हायचं. पोरगी गोड हाय गं. पर पोरगी दुपारची झोपती.”

मंजुषाचा फोन वाजला. विश्वजित.

“गेली का पाल?”

मंजुषाने ग्रिलवरच्या त्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

“गेली होती,” ती म्हणाली. “परत आली. आत्ता आईंच्या डोक्यावर पडली.”

“डोक्यावर? अरे यार! आता ती काय राहत नाही. मग सोमवारचं काय?”

“बघते मी. ठेव.”

फोन ओट्यावर ठेवून ती खाली बसली आणि सुनयनाला जवळ ओढलं. “आई, दुखतंय,” सुनयना म्हणाली, तेव्हा तिने मिठी सैल केली.

राजाबाई आत आल्या. पिशवी पायाने सारत पलंगाखाली ढकलली.

“डोक्यावर पडली, म्हंजी आठ दिस घर सोडायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “तू सोमवारी जा कामावर. सांजच्याला एखादं पाळणाघर बघून ठिव. पोरीला बी दावून आन.”

मंजुषाने असलं काही माहेरी ऐकलं नव्हतं, सासरीही नाही.

“बरं,” ती म्हणाली. “आठ दिवस तर आठ दिवस.”