चावीवाली आणि वळवळता रूळ

"यावर जो विश्वास ठेवील, त्याला माझी ड्यूटीची शिट्टी बक्षीस!" रेल्वेतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरसाहेबांनी खुर्चीतूनच नव्या जावयाला आव्हान दिलं. शिट्टी कधीच हरवली होती, त्यामुळे त्यांना धास्ती नव्हती. सासूबाई आत नळाचा वॉशर बदलत होत्या. पाना त्यांच्या हाताला सवयीचा; उभी नोकरी पायी फिरून रूळ जागेवर घट्ट धरणाऱ्या, सैल पडलेल्या लोखंडी चाव्या ठोकण्यात गेली. सगळी लाइन त्यांना चावीवाली म्हणूनच ओळखायची.

"तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, जावईबापू. ऊन म्हणजे काय ऊन! सावल्या खांबांना सोडून पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसल्या होत्या. रूळ तापून एवढा लांबला, की पुढचं स्टेशन फलाटासकट चार हात सरकलं. स्टेशनमास्तर खुर्चीतच. हातातला चहा हिंदकळला नाही."

जावयानं मान डोलावली. बिचारा भिडस्त होता. ड्रायव्हरसाहेबांना चेव चढला.

"अशा आगीत ही एकटी लाइनीवर. हातोडा मारायचा, रुळाचा आवाज ऐकायचा. धड रूळ खणखणतो. एका वळणाला आवाज आला बद्द! बघते तर रूळ आळस दिल्यासारखा कडेला वाकलेला, आणि वाकतोच आहे. समोरून माझी गाडी, ठासून भरलेली. दुसऱ्या कुणाचे हातपाय गळाले असते. ही धावत सुटली, गाडीच्या दिशेनं! चपलांचे तळ वितळून खडीला चिकटले, तर चपला तिथंच टाकल्या. त्या तापल्या खडीवरून अनवाणी, जावईबापू!"

इथं त्यांचा आवाज खरोखरच कातर झाला. एवढा भाग त्यांना कधी रंगवावा लागला नव्हता. पुढचा मात्र दरवेळी थोडा रंगवावा लागे.

"मग?"

"मग काय! मैलभरावरून मला हिच्या कपाळावरची आठी दिसली. म्हटलं, काहीतरी बिघडलंय. करकचून ब्रेक दाबला. गाडी अशी थांबली, की इंजिनानं जीभ बाहेर काढली असती तर वाकड्या रुळाला लागली असती. कुणाला साधं खरचटलंही नाही."

"पण लाल निशाण असेल ना त्यांच्याकडे?"

ड्रायव्हरसाहेबांनी उगाच खोकून घेतलं. "होतं की. पण त्या आठीपुढे निशाणाची काय मातब्बरी!"

पाना हातात तसाच धरून सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"खोटं! साफ खोटं! निशाण उन्हानं विटून गुलाबी पडलं होतं, कबूल. पण मी जीव तोडून ते हलवतेय, आणि हे खिडकीतून हसून मला टाटा करतायत! आधीच रुळावर धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके बांधून ठेवले होते मी. ते चाकाखाली धाडधाड वाजले, तेव्हा कुठे यांना ब्रेकची आठवण झाली!"