दिलेली वाट

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळं समाजवाद म्हणजे काय आणि व्यक्तिस्वातंत्र्यवाद म्हणजे काय, हे निदान आमच्या गावात तरी मला नीट माहीत होतं. सांगायचं तेव्हा मात्र मी तोंड शिवून बसलो, आणि आता सांगायला गोविंदा नाही.

गोविंदा एसटीत कंडक्टर होता. निवृत्त होऊन वडिलांची चार एकर कसायला तो गावी आला. जगदेव त्याचा वर्गमित्र, वीस एकरांचा धनी. रोज सकाळी आमच्या गावच्या, किन्हीराजाच्या स्टँडवर चहाला आम्ही तिघं बसायचो आणि ते दोघं भांडायचे. जगदेव मोबाइलवर कुणाकुणाची भाषणं ऐकून यायचा. माणसाला मोकळं सोडा, सरकारनं मध्ये हात घालू नये, हे त्याचं पालुपद. गोविंदा म्हणायचा, जे सगळ्यांना लागतं ते एकाच्या मर्जीवर नको. इथवर दोघंही शहाणे होते. पण समाजवाद आला की सरकार घरातली ताटं-वाट्यासुद्धा गावभर वाटणार, असं जगदेवला खरंच वाटायचं, आणि ज्याच्यापाशी आहे त्यानं बाकीच्यांना तुडवावं एवढाच जगदेवच्या बोलण्याचा अर्थ गोविंदा लावायचा. एकाला सरकारच्या दांडगाईची भीती, दुसऱ्याला धन्याच्या. भीती एकाच जातकुळीची होती. हे मला दिसत होतं, पण फुकटची करमणूक कोण सोडतो? मी आणखी एक चहा सांगायचो.

गोविंदाच्या वावरात जायची वाट जगदेवच्या वावरातून होती. कागदावर नव्हती. जगदेवच्या वडिलांनी ती दिलेली, आणि ती मिळावी म्हणून गोविंदाचे वडील दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पेरणीचे दिवस तोंडावर आले की, त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. हात जोडून म्हणायचे, यंदा बी वाट राहू द्या. नाही असं कुणी कधी म्हटलं नाही, पण उभं राहावंच लागायचं. दोघं म्हातारे गेले आणि ती रीत आपोआप बंद पडली. जगदेव नांगरताना गाडीवाटेएवढी पट्टी दरवर्षी सोडायचा. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. बोलले नाहीत तोवर बरं चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी वाद चढला. जगदेव हरत आला होता. तो म्हणाला, "गोविंदा, तुहा समाजवाद माह्या वावरातून घरी जाते बाप्पा."

सगळं हॉटेल हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. गोविंदानं कप खाली ठेवला आणि उठून गेला.

आठवड्याभरात त्यानं तहसीलमध्ये रस्त्यासाठी अर्ज केला. मी त्याला समजवायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, बाप माहा दरसाल हात जोडून वाट मांगे. मले मांगाची नाई. मले ते असली पायजे."

नोटीस आल्यावर जगदेवनं जेसीबी आणून धुऱ्यालगत, बांधाच्या कडेनं, वाट तोडणारा कमरेएवढा चर खणला. त्याच्याकडेही गेलो. "मांगली असती तं मी नाई म्हटलं असतं काय?" तो म्हणाला. "तहसीलदारानं सांगितल्यावर मंग ते मी देली काय?" त्याचे डोळे भरले होते. तो खोटं बोलत नव्हता.

तारखा पडत गेल्या. गोविंदा आणि त्याची बायको भागिरथा नाल्यातून वळसा घालून जाऊ लागले. मळणीयंत्र वावरात पोचेना, म्हणून सोंगलेलं सोयाबीन दोघं डोक्यावर वाहून सडकेला आणायचे. वय काय, करतोय काय! मला राग यायचा, गोविंदाचा आणि जगदेवचाही, आणि मी तो घरी बायकोवर काढायचो. यंदाच्या दिवाळीनंतर एक दिवस भारा टाकताना गोविंदाच्या छातीत कळ आली. वाशीमला नेईपर्यंत तो संपला होता.

माझ्या वावरातच मला ठेवा, असं तो भागिरथेला सांगून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशरण झालं, तिरडी उचलली. आम्ही वावराच्या वाटेच्या वळणावर आलो, तर जगदेव उभा. पहाटेपासून ट्रॅक्टर लावून त्यानं एकट्यानं चर बुजवला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. गोविंदाची मुलगी पौर्णिमा, ती नर्स आहे, पुढं मडकं धरून चालत होती. तो तिला म्हणाला, "इकडून ने माय त्याले. आज कोनाले विचाराचं काम नाई."

पौर्णिमा थांबली.

"काका, उद्या विचारा लागन काय?"

जगदेवनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द गावासमोर उच्चारला की वाट त्याची उरत नव्हती, द्यायला त्याच्या हातात काही राहत नव्हतं. तो म्हणाला, "ते आपुन मंग बोलू."

तिनं मान हलवली आणि नाल्याकडं वळली. पाणी मांडीपर्यंत होतं. खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते, तिरडी एकदा पार कलली, भागिरथेनं पुढं होऊन हातानं सावरली. दहा पावलांवरची ती बुजवलेली वाट मोकळी पडली होती.

मी उतरायला लागलो तेव्हा जगदेवनं माझा दंड धरला. "गुरुजी, मी देतच होतो ना?"

"देत होतास," मी म्हणालो. "तो तेच तर घेत नव्हता."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघांचं भांडण नीट समजावून सांगितलं होतं. जगदेवनं माझा दंड सोडला. मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरलो.