चौसष्टपट राक्षस

माझ्या राक्षसाला कोणी पापड म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. वच्छलेनं म्हटलं होतं, तेही माझ्याच घरचा चिवडा खात.

"सुभद्रे, तुहे राक्षस म्हणजे नुसते पापड वं. हात लावला का मोडला!"

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. रामदासपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर कौशल्या राहायची, समोर वच्छला. माझा भाऊ गिरिधर अमेरिकेहून एक खेळ घेऊन आला होता. इथे त्याच्याशी खेळायला कोणी बसेना, म्हणून डबा माझ्याकडे टाकून तो परत गेला. मी इंग्रजी पुस्तिका वाचली, अर्धी पटली, अर्धी सोडून दिली. खेळ साधा आहे. गोष्ट मी सांगायची, की समोर जंगल आहे, राक्षस आहे. बाकीच्यांनी आपापली लढणारी बाई घेऊन त्यात शिरायचं. वार बसला की नाही ते फासा ठरवतो. फासाही कसा, वीस बाजूंचा; तसा सीताबर्डीच्या अख्ख्या बाजारात शोधून मिळायचा नाही. प्रत्येक राक्षसाला दम असतो. वार बसला की दम उतरतो, दम संपला की राक्षस खलास. दर गुरुवारी दुपारी कूलर लावून आम्ही तिघी बसायचो. बाकीच्या बायका भिशी करायच्या, आम्ही राक्षस मारायचो.

दमाचा हिशेब माझा. माणसाएवढा राक्षस, दम दहा. दुप्पट उंच, दम वीस. पण दोन वर्षांत या दोघी अशा तयार झाल्या की वीसवाला चहा उकळेपर्यंत आडवा.

एरवी मी पापडावर वच्छलेला चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण कौशल्येच्या नवऱ्याची बिलासपूरला बदली झाली होती. रविवारी सामान निघणार, म्हणजे येणारा गुरुवार शेवटचा. माझा जीव नुसता तुटत होता. आणि आमचा नियम असा, की अर्धी राहिलेली लढाई तशीच राहते. त्याच बायका पुन्हा बसल्या की तिथूनच सुरू. तेव्हा मला त्या दुपारी न मरणारा राक्षस पाहिजे होता. मग बघते, कशी येत नाही परत! राक्षस जिवंत सोडून जाणाऱ्यातली कौशल्या नव्हती.

बुधवारी मी गोळाभात करत होते. चण्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे वळता वळता वाटलं, एक दुप्पट रुंद वळून पाहू. अवं माय, परात रिकामी व्हायला आली! त्या एकट्यानं आठ गोळ्यांचा माल खाल्ला. म्हणजे दुप्पट उंच राक्षसात मांस दुप्पट नाही, आठपट. मग दमही आठपट! चौपट उंच केला तर चौसष्टपट. दहाचे सहाशे चाळीस. भरड्याच्या हातांनीच मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. माझ्याएवढं डोकं त्या पुस्तिकेवाल्यानंही चालवलं नव्हतं, सांगून ठेवते.

गुरुवारी मी राक्षस टेकडीवर उभा केला. खाली गाव, गावाभोवती रोवणीसाठी चिखल केलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. दोघींनी घाम फुटेस्तोवर वार केले. दम सहाशे चाळीसचा सहाशेवर आला, बस. राक्षसाच्या एका लाथेत वच्छलेची बाई बेशुद्ध.

"बाप्पा! कायचा बनवला वं हा?" वच्छला रडकुंडीला आली.

"गोळ्याचा," मी म्हटलं, आणि फुशारकीनं सगळी रीत सांगितली.

कौशल्या फासा मुठीत घोळवत होती. "तो मोठा गोळा कुठी आहे?"

"फुटला. भातावर ठेवला, अन् आपल्याच वजनानं बसला. चुरा खाल्ला आम्ही."

"हं. वच्छे, पोळी दुप्पट रुंद लाटली त कणीक किती पोळ्यांची लागते?"

"चारची," वच्छला म्हणाली. "त्यात काय विचारतं?"

"मंग याचा तळपाय पोळीच ना? चौपट रुंद म्हणजे सोळा पोळ्या. वजन चौसष्ट माणसांचं, अन् पाय सोळांचे." कौशल्या माझ्याकडे वळली. "मी वार नाई करत. मी पळून राहिली. खाली, बांधीत."

कौशल्या कुहीची, माहेरची धानाची शेती. बांधीतला चिखल काय चीज आहे ते मला नाही, तिला माहीत. आणि राक्षस मागे धावणारच; तापट मीच केला होता त्याला. पहिल्या पावलाला तो गुडघ्यापर्यंत रुतला. अंग पुढे गेलं, पाय तिथेच राहिला. नडगी मोडली, आणि सहाशे दमाचा माझा राक्षस चिखलात पालथा.

"हे चीटिंग आहे!" मी ओरडले.

"नियम कोणाचा?"

"माझा! अन् बरोबरच आहे तो." नियम चुकला असं मी का म्हणू? माझ्या नियमानं माझाच राक्षस पाडला, याचा राग आला आणि अभिमानही वाटला. पण रविवार आठवला. आता राक्षस मेला की कौशल्या परत कशाला येईल?

"मार वं कौशल्ये, मान काप!" वच्छला टाळ्या पिटत होती.

कौशल्येनं फासा टाकलाच नाही. पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढली आणि उठली.

"पाय मोडून पडला आहे, जाते कुठी? दिवाळीले येऊन मारीन. तवरी त्याले उठू देजो नोको. अन् गोळाभात करजो, लहान गोळ्यांचा."

ती जिना चढू लागली. मी दारातून ओरडले, "अवं बह्याडे, फासा माहा आहे! तसा दुसरा मिळत नाई इथी!"

"म्हणूनच नेऊन राहिली," ती वरून म्हणाली.