रिकामी पालखी

साहेब, तुम्ही आमचा देव त्याला न विचारता उचललात. वर टाळ्याही वाजवून घेतल्यात.

वानवेइच्या वाळूवर त्या सकाळी सगळं गाव जमलं होतं. पिढ्यांमागे व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून होड्यांतून आलेलं, चीनच्या कागदांवर जिंग जमात म्हणून नोंदलेलं गाव. समुद्रातल्या देवाला हाक मारायची, पालखीत बसवायचं, मंडपात नेऊन गाणी ऐकवायची, एवढाच त्यांचा सण. पेइ श्यूलानची आई देवापुढे गायची. आता श्यूलान गाते. "तो नसताना गायलीस तर गळा खोटा होईल," आई बजावून गेली होती. श्यूलान हातातल्या ताल धरायच्या बांबूच्या पट्ट्या उगाच चाळवत उभी होती.

देवाला बोलावणाऱ्या म्हाताऱ्या वूआजोबांनी चटईवर लाकडाचे दोन तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा पडला म्हणजे देव आला. दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले. पुन्हा पालथे.

"रुसला काय गं, ताई?" पालखीचा दांडा धरलेला ल्यो कुजबुजला.

"सकाळी सकाळी तुझं थोबाड दिसलं असेल त्याला," श्यूलान म्हणाली. पण हसली नाही.

छत्रीखालून सरकारी साहेब उठून आले. "आजोबा, आटपा लवकर. कॅमेरे लागलेत, पाहुणे खोळंबलेत."

"देव आला नाही अजून."

"वाटेत भेटेल की! उचला रे!"

आजोबांच्या आजोबांनी म्हणे ओहोटी लागेपर्यंत वाट पाहिली होती. पण तेव्हा किनाऱ्यावर लाउडस्पीकर नव्हता आणि मंडपाची दुरुस्ती साहेबांच्या सहीवर अडलेली नव्हती. पोरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी वाळूकडे पाहिलं. पालखी उचलली गेली.

ल्यो चपापला. "ताई, हलकी लागतेय गं."

मंडपापर्यंत श्यूलान सारखी मागे वळून समुद्राकडे बघत राहिली, घरी पोर विसरून निघालेल्या बाईसारखी.

मंडपात दिवे लागले, ढोल थांबला. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. साहेबांनी बोटानं खूण केली, गा.

तिनं पट्ट्या खाली ठेवल्या आणि सगळ्यांसमोर सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझं गाणं 'आलास, बैस' असं सुरू होतं. त्या पालखीत कोण आहे? सांगा, कुणाला म्हणू बैस?"