काठमांडूची उंची

सुरत म्हणजे पोळपाटासारखी सपाट. चढायचं म्हटलं तर तापीवरचा पूल, नाहीतर आपापल्या बिल्डिंगचा जिना. त्यामुळे मराठी मंडळाची दिवाळीची सहल यंदा विमानाने काठमांडूला जाणार असं ठरलं, तेव्हा शहराच्या भटार भागातल्या झाडून सगळ्या मराठी घरांना एकदम उंचीची धास्ती वाटायला लागली.

ती धास्ती घातली मंडळाचे सेक्रेटरी बाबुराव टेंभेकर यांनी. त्यांनी घरोघर पत्रक वाटलं. वर जाड अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय विमानप्रवास’, अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘पासपोर्ट लागत नाही’, आणि मधोमध चौकटीत: ‘काठमांडूची उंची ४५०० मीटर. हवा विरळ. धाप लागणाऱ्या सभासदांनी कृपया नाव देऊ नये.’

दहावीतल्या अपर्णाच्या आईला, सुधाला, थंडीत कधीमधी धाप लागायची. बस्स, तेवढ्यावरून बाबुरावांनी तिचं नाव यादीतून खोडलं. तेही लाल शाईने.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. अठरा वर्षं ती तिसरीच्या पोरांना तक्त्यावर छडी ठेवून ‘हे विमान’ असं सांगत आली होती आणि खरं विमान तिने फक्त खालून पाहिलं होतं, मान वर करून. नाव खोडल्याचं कळलं तेव्हा मुद्दाम आणलेला नवा स्वेटर तिने पिशवीसकट कपाटात ठेवून दिला, तेवढंच.

“अगं, तब्येतीपेक्षा का विमान मोठं?” बाबा म्हणाले. दिलीपराव बँकेत होते. छापलेल्या आकड्यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. “मी आणि अपू जाऊन येतो. भरपूर फोटो काढू.”

“काढा. फोटोत धाप लागत नाही,” आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याकडेच तोंड करून उभी राहिली.

इकडे मंडळाची तयारी जोरात. रोज संध्याकाळी अपर्णाच्याच बिल्डिंगमध्ये जमून सभासद चार मजले चढायचे नि उतरायचे. मध्ये कापराच्या पुरचुंड्या हुंगायच्या. सगळ्यात थोरल्या शांताबाई तर ऑक्टोबरच्या उकाड्यात माकडटोपी घालून यायच्या, डोक्याला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या जशुबेन रोज दार उघडून काळजीने विचारायच्या, “केम, लिफ्ट बंध छे?”

“लिफ्ट चालू आहे हो बेन,” शांताबाई धापा टाकत सांगायच्या, “नेपाळला चाललोय!”

अपर्णाचं मात्र त्या वर्षी वेगळंच झालं होतं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून गप्प बसणं तिला जमेनासंच झालं होतं. निघायच्या आधी मंडळात ‘काठमांडूची ओळख’ असं झक्कास भाषण ठोकावं म्हणून तिने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात उंची होती चौदाशे मीटर. चूक असेल म्हणून तिने दुसरं पुस्तक पाहिलं. तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबुरावांनी साडेचार हजार फुटांचे मीटर करून टाकले होते! आणि साडेचार हजार फुटांवर काय असतं? महाबळेश्वर! तिथे लग्नानंतर आई सगळे पॉइंट पायी फिरली होती आणि बाबा घाट लागला म्हणून लिंबू चोखत खोलीत पडून होते.

अपर्णा पुस्तक काखोटीला मारून तडक बाबुरावांच्या घरी धडकली.

“काका, काठमांडू महाबळेश्वराएवढंच उंच आहे!”

बाबुरावांनी आधी दार लावलं. मग खिडकी.

“हळू बोल, बये. मला माहितेय.”

“कधीपासून?”

“मंगळवारपासून. दिल्लीच्या एजंटाने फोनवर सांगितलं. हसत होता मेला.”

“मग सांगा की सगळ्यांना! आईचं नाव परत घाला!”

“सांगू? अगं, महाबळेश्वराएवढं म्हटलं तर निम्मे म्हणतील, मग महाबळेश्वरलाच जाऊ, स्ट्रॉबेरी तरी मिळेल. हिमालयाच्या भीतीवर पंधरा नावं जमलीत पोरी. शांताबाईंनी तर बांगड्या सुनांना वाटून टाकल्यात. आता त्यांना काय सांगू, परत मागा?” बाबुरावांनी कपाळ पुसलं. “त्यातून सोळा माणसं झाल्याशिवाय एजंट ग्रुपचं तिकीट देत नाही. सोळावं माणूस सापडेना.”

“सोळावं तुम्हीच खोडलंत, काका.”

बाबुराव खिडकीची कडी पुन्हा तपासत म्हणाले, “पण धापवाली बाई यादीत घेतली तर लोक मला फाडून खातील.”

“रविवारी तिला सगळ्यांसमोर जिना चढू द्या. धाप नाही लागली तर नाव घालायचं. आणि मी तोंडाला कुलूप लावते.” आपण हे बोलतोय यावर अपर्णाचाच विश्वास बसेना.

घरी येऊन तिने आईला एकटीलाच सगळं सांगितलं. आई आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, मग विचारलं, “बाबांना?”

“नको. ते पत्रकावरच विश्वास ठेवतील.”

आईने डॉक्टरांना विचारून घेतलं. “काठमांडूला? खुशाल जा,” ते म्हणाले.

रविवारी सगळं मंडळ जिन्यात. तीन फेऱ्या, बारा मजले. आई आपल्या रोजच्या चालीने निघाली, शाळेच्या तीन मजल्यांवर दिवसातून सहा वेळा चढणारी बाई ती. तिच्या मदतीला म्हणून बाबा शेजारून चढू लागले. दुसऱ्या फेरीत त्यांनी कठडा धरला. तिसऱ्या फेरीत आईने बाबांना धरलं.

गच्चीवर आई पदर सारखा करत शांत उभी राहिली. बाबा पाण्याच्या टाकीला टेकून भात्यासारखे फुसफुसत होते.

“अगंबाई,” शांताबाई माकडटोपी मागे सारत म्हणाल्या, “नाव तर दिलीपरावांचं खोडायला पाहिजे!”

बाबुरावांचं लाल पेन यादीवर अधांतरीच थांबलं. एक नाव खोडलं की पुन्हा पंधरा. त्यांनी केविलवाण्या नजरेने अपर्णाकडे पाहिलं. अपर्णाने आयुष्यात पहिल्यांदाच, समोर एवढे श्रोते असताना, तोंड उघडलं नाही.

“खोडू नका,” आई म्हणाली. “माझं नाव घाला. मी बरोबर असले की ह्यांची काळजी नको.”

बाबुरावांनी लगेच, शाईचा रंगही न बघता, सोळावं नाव लिहिलं.

बाबांनी कसाबसा श्वास गोळा केला. “सुधा,” ते कुजबुजले, “साडेचार हजार मीटर… मला झेपेल ना गं?”

“झेपेल हो,” आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “माझ्या मागून हळूहळू यायचं.”