न बांधलेला पाय

मी एक म्हातारी लांडगीण आहे, मित्रांनो. आटपाडीच्या पूर्वेला उघडा माळ आहे, तिथे माझे बीळ आहे. माझा मागचा उजवा पाय आखूड आणि वाकडा आहे. तो मी जमिनीला टेकवते, पण त्याच्यावर भार देत नाही.

मोठी लढाई चालू होती, त्या सालची ही गोष्ट. धुळा धनगराचा धाकटा भाऊ अर्जुना पलटणीत गेला होता. पूर्वी धुळा कळपाच्या पुढे चाले आणि अर्जुना मागे. आता मागे नुसता कुत्रा असे.

माझी दोन पिले तेव्हा महिन्याची होती. दिवस मावळताना धुळा मेंढरांभोवती वाघर लावत होता. वाघर म्हणजे सुताची जाळी. ती पुरी लागण्याआधी एखादे मेंढरू उचलावे म्हणून मी घाई केली. पाय जाळीत अडकला आणि धुळाची काठी त्याच्यावर बसली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. जाळी तोडून मी पळाले. दुखले असेल, मला आठवत नाही.

मग बिळाजवळच्या ओघळीत पडून राहिले. जखम चाटायची आणि पाय हलवायचा नाही, एवढेच काम. माझा जोडीदार खाऊन आलेले मांस आमच्यापुढे ओकून टाकी. आम्ही असेच जेवतो, तुम्ही नाक मुरडू नका. पंधरा दिवसांनी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी सरपटत बोरीखाली गेले आणि गळालेली बोरे खाल्ली. नाकतोडे खाल्ले. एकदा उंदीर सापडला. दूध आटले. एक पिलू हलेनासे झाले. मी त्याला हुंगले आणि दुसऱ्याजवळ जाऊन पडले.

एके दिवशी ओघळीच्या काठावर धुळा आणि त्याची बायको भामाबाई येऊन बसली. धुळाच्या गुडघ्यांत एक कोकरू होते. दगडात पाय अडकून त्याचे हाड मोडले होते. धुळा बांबूच्या कामट्या लावून वर लोकरीची दोरी गुंडाळत होता.

"अन् ती लांडगीण वं?" भामाबाईने विचारले.

"मेली आसंल कवाच. हाड मोडल्याचा आवाज ह्या कानांनी ऐकलाय मी."

"पर गिधाडं न्हाई दिसली कुठं."

"येडी का खुळी तू? बांधल्याबिगर हाड जुळतंय व्हय? तिला कामट्या बांधाय कोण बसलंय, तुझा बाप?"

"माझा बाप मेंढरास्नी बांधायचा. तुमी आपलं कुत्रं मागंच ठेवा."

"पुढं शाळू उभा हाय. मेंढरं पिकात शिरली, तर गाववाले मलाच कामट्या बांधतील. कुत्रं पुढंच पायजे."

धुळाने आजवर शेकडो पाय बांधले होते. न बांधलेला पाय त्याने कधी बरा झालेला पाहिला नव्हता. पडून राहणे हेच आमचे बांधणे, हे त्याला कोण सांगणार?

आणखी वीस-बावीस दिवसांनी माझे हाड जुळले, वाकडेच जुळले. त्या दिवशी कळप ओघळ उतरत होता. कुत्रा पुढे शाळूच्या बांधावर होता. सगळ्यांच्या मागे ते कोकरू येत होते. कामट्यांचा पाय टेकवायचे, उचलायचे, मग उडी घ्यायचे. ती चाल माझ्या ओळखीची होती. पुढची उडी कधी पडणार, ते मला आधीच कळत होते.

मी त्याची मान धरली.

धुळा काठी उगारून धावत आला. ओझे घेऊन मला पळता येईना. दहा पावलांवर तो थांबला. त्याने माझा पाय पाहिला. काठीचा हात हळूहळू खाली आला.

"कुणी बांधला गं तुझा पाय?" तो म्हणाला.

मी कोकरू ओढत बिळाकडे गेले. काठी मागून आली नाही.

माझे उरलेले पिलू त्यावर जगले. कामट्या तेवढ्या राहिल्या. बिळाच्या तोंडाशी त्या बरेच दिवस पडून होत्या, लोकरीची दोरी तशीच गुंडाळलेली. तिची गाठ चांगली होती.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुमच्यात कोणी लंगडत चालत असेल, तर त्याला सगळ्यांच्या मागे एकटे सोडू नका. मागे कोण बसलेले असते, ते मला ठाऊक आहे.